सरखेलपद एक, वारस अनेक : कुलाब्याच्या आरमाराची फाळणी

१/ ४ जुलै १७२९ रोजी सरखेल कान्होजी आंग्रे यांचे निधन झाले. त्या काळी कोकण किनाऱ्यावर त्यांचे दस्तक न घेता व्यापार करणे धोक्याचे होते. पुढे अवघ्या २७ वर्षांत, फेब्रुवारी १७५६ मध्ये, आंग्र्यांचे आरमार विजयदुर्गाच्या बंदरात जळून गेले. या अंताची सुरुवात अलिबागच्या किनाऱ्यावर, एका घरगुती वादातून झाली होती.

२/ प्रथम कान्होजींच्या काळातील एक सत्तांतर पाहू. ताराबाई आणि शाहू यांच्या संघर्षात कान्होजी ताराबाईंच्या पक्षात होते. शाहूंनी पेशवा बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठविले. कान्होजींनी पेशव्यालाच कैद केले. नोव्हेंबर १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले आणि त्यांनी तलवारीऐवजी बोलणी पुढे केली.

३/ तहाने कान्होजी शाहूंच्या पक्षात आले. पिंगळे यांची सुटका झाली. कान्होजींचे सरखेलपद कायम राहिले आणि किनाऱ्यावरील किल्ल्यांवर त्यांचा अधिकार मान्य झाला. निष्ठेचे केंद्र बदलले, परंतु आरमाराची आज्ञा एकाच हाती राहिली. गुराबांवरील कोळी-भंडारी खलाशांना कालचाच सरदार आजही सरदार होता.

४/ या व्यवस्थेची कसोटी डिसेंबर १७२१ मध्ये लागली. इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी संयुक्तपणे कुलाब्यावर स्वारी केली. अलिबागसमोरचा हा किल्ला भरतीला पाण्याने वेढला जातो, ओहोटीला तेथे पायी जाता येते. म्हणून जमिनीवरूनही मदत आवश्यक होती. ती बाजीराव पेशव्यांच्या फौजेने दिली. स्वारी फसली आणि पोर्तुगीजांनी जानेवारी १७२२ मध्ये मराठ्यांशी स्वतंत्र तह केला.

५/ आरमाराची रचना कशी असावी, याचा विचार मराठी राज्यात आधीच झाला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात पाच गुराबा आणि पंधरा गलबते यांचा एक सुभा आणि सर्व सुभ्यांवर एक सरसुभा अशी योजना सांगितली आहे. तुकड्या अनेक असाव्यात, पण त्यांच्यावरील प्रमुख एकच असावा, हे तिचे मर्म.

६/ कान्होजींनंतर ज्येष्ठ पुत्र सेखोजी सरखेल झाले. जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध १७३३ ची मोहीम सुरू असतानाच, ऑगस्ट महिन्यात, त्यांचा मृत्यू झाला. चार वर्षांत दुसऱ्यांदा नेतृत्व बदलण्याची वेळ आली आणि तीही युद्ध चालू असताना.

७/ सरखेलपद संभाजी आंग्रे यांच्याकडे गेले. त्यांचे आणि त्यांचे सावत्र बंधू मानाजी यांचे पटले नाही. मानाजींनी पोर्तुगीजांची मदत घेऊन कुलाबा ताब्यात घेतला. ज्या पोर्तुगीजांना १७२१ मध्ये याच किल्ल्यावरून परतावे लागले होते, त्यांना आता घरातूनच बोलावणे गेले.

८/ १७३५ मध्ये बाजीरावांनी वाटणी करून दिली. मानाजींना ‘वजारतमाब’ हा किताब आणि कुलाबा. संभाजींना ‘सरखेल’ हे पद आणि दक्षिणेकडील सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग. तत्काळ पाहता तोडगा व्यवहार्य होता. दोन्ही भावांना मान मिळाला, भांडण थांबले आणि पुण्याला जवळचा कुलाबा पेशव्यांच्या मित्राकडे राहिला. मात्र सर्व आरमारावर आज्ञा चालविणारा कोणी उरला नाही.

९/ या निर्णयाचा लाभ पुण्याला झाला, हेही नोंदले पाहिजे. १७३९ च्या वसई मोहिमेत मानाजींच्या आरमाराची मदत झाली. परंतु पुढच्याच वर्षी संभाजींनी कुलाब्याला वेढा घातला. मानाजींच्या साहाय्याला पेशव्यांची फौज आली आणि मुंबईहून इंग्रजांची जहाजेही आली. १७२१ चे शत्रू १७४० मध्ये रक्षक म्हणून कुलाब्यासमोर उभे होते.

१०/ संभाजींनंतर तुळाजी आंग्रे सरखेल झाले. त्यांचे आणि नानासाहेब पेशव्यांचे वैर वाढत गेले. १७५५ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. त्याच वर्षी कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. त्या लढाईत आरमार भस्मसात झाले. तुळाजी कैद झाले. कुलाब्याची गादी पुढेही राहिली, पण दुय्यम सत्ता म्हणून. १८४० मध्ये तीही कंपनी सरकारने खालसा केली.

११/ दोन्ही प्रसंगी मध्यस्थ पेशवेच होते आणि दोन्ही वेळा वाद शमविणे हाच हेतू होता. १७१४ च्या तहाने आरमार अखंड ठेवून त्याचा धनी बदलला. १७३५ च्या वाटणीने धनी तोच ठेवला आणि आरमार दुभंगले. नेतृत्व बदलताना वारसांचे समाधान करणे सोपे असते, कारण ते समोर उभे राहून मागणी करतात. संस्थेची बाजू मांडायला दरबारात कोणी नसते.

१२/ अलिबागला गेल्यास कान्होजींची समाधी अवश्य पाहावी. तेथून कुलाबा किल्ला दूर नाही. ओहोटीची वेळ विचारून निघावे आणि तटावरून दक्षिणेकडे नजर टाकावी. एकेकाळी त्या दिशेच्या साऱ्या किनाऱ्यावर याच ठिकाणची आज्ञा चालत असे.