उलांडीची होडी आणि लाटेवरची फळी

इतिहासाचें साधन म्हणजे कागद, अशी आपल्याकडील संग्राहकांची सर्वसाधारण समजूत आहे. बखर, दफ्तर, ताम्रपट, शिक्का यांचा शोध आपण मोठ्या आस्थेनें करतों. परंतु ज्या वस्तू गरीब मनुष्यानें स्वहस्तें घडविल्या, वापरल्या आणि जीर्ण झाल्यावर चुलींत घातल्या, त्यांकडे आपली दृष्टि क्वचितच वळते. अशाच एका वस्तूची बाजू आम्ही येथें मांडीत आहों.

रत्नागिरी तालुक्यांतील मालगुंड हें गांव गणपतिपुळ्याच्या उत्तरेस समुद्रकांठीं वसलें आहे. त्याच्याही उत्तरेस शास्त्री नदीच्या मुखावर जयगडचा किल्ला आहे. कवि केशवसुत यांचा जन्म १८६६ सालीं मालगुंडास झाला, आणि १९९४ पासून त्यांचें स्मारक तेथें उभें आहे. कवीचें जन्मस्थान राखलें गेलें हें योग्यच झालें. याच किनारपट्टीची दुसरी ठेव म्हणजे उलांडीची होडी. तिची नोंद राखण्याची आस्था मात्र आपण तितकी दाखविलेली नाहीं.

अरुंद होडीच्या एका बाजूस दोन आडवीं लांकडें बांधून त्यांच्या टोकांस होडीशीं समांतर असा हलका ओंडका जोडतात, तीच उलांडी. ओंडका तरंगतो म्हणून होडी त्या अंगास बुडत नाहीं, आणि त्यास वजन असतें म्हणून ती उलट अंगास कलंडत नाहीं. सांधा खिळ्याचा नसून दोरीचा असला कीं तो लाटेच्या धक्क्यानें लवतो, मोडत नाहीं. रत्नागिरीपासून कारवारकडे अशा होड्यांची वहिवाट होती. जेम्स हॉर्नेल यांनीं १९२० सालीं हिंदी नौकांच्या घडणीवर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. त्यांत या उलांडीचा संबंध पूर्वेकडील महासागरांतील बेटांशीं जोडण्याचा यत्न आहे.

त्या बेटांपैकीं हवाई येथेंही उलांडीच्या होड्या होत्या, आणि तेथेंच लोक लांकडी फळीवर आरूढ होऊन लाटांवरून किनाऱ्यास येत. कॅप्टन कुक याच्या तिसऱ्या सफरींतील लेफ्टनंट किंग यानें १७७९ सालीं हा प्रकार पाहिला, व त्याचें वर्णन १७८४ सालीं छापलें गेलें. सरदारांची 'ओलो' नांवाची लांब फळी विलिविली वृक्षाच्या हलक्या लांकडाची असे. उलांडीचा ओंडकाही त्याच लांकडाचा करीत. हा विलिविली म्हणजे आपल्या पांगाऱ्याचा सख्खा भाऊबंद होय. 'अलाया' नांवाची पातळ फळी कोआच्या किंवा नीरफणसाच्या लांकडाची असे. हें नातें झाडांचें आहे. तेवढ्यावरून माणसांचें नातें ठरविण्याची घाई करूं नये.

एकोणिसाव्या शतकांत ही विद्या हवाईंत क्षीण झाली. तथापि होनोलुलूच्या बिशप संग्रहालयांत कांहीं जुन्या फळ्या राहिल्या होत्या. १९२० नंतरच्या दशकांत टॉम ब्लेक या अमेरिकन जलतरणपटूनें त्यांची डागडुजी केली आणि तशीच फळी स्वतः घडविली. ती जड, म्हणून त्यानें तिला भोंकें पाडून वर पातळ लांकूड बसविलें. त्यांतूनच पुढें पोकळ फळी निघाली, व १९३२ सालीं तिचें पेटंट त्यास मिळालें. १९३७ सालीं एका लोकप्रिय यांत्रिक मासिकांत अशा फळीचे आराखडे छापले गेले. सुतारकामाचें थोडें ज्ञान असलेला कोणीही गृहस्थ घरच्या अंगणांत आपली फळी आपण करूं लागला. घडविणारा तोच स्वार, असा एक निराळा संप्रदायच समुद्रकांठीं वाढला. पुढें कारखाने निघाले, तरी हातानें फळी तासणाऱ्याचा मान त्या मंडळींत आजही आहे. आपल्या देशांत २००४ सालीं कर्नाटकांतील मुल्की येथें या खेळाचें शिक्षण सुरू झालें, आणि टोकियोच्या ऑलिंपिकांत २०२१ सालीं त्यास प्रथम स्थान मिळालें.

या वृत्तांताचें मर्म आमच्या मतें एकच आहे. किंगचा लेख कितीही उत्तम असला तरी त्यावरून फळीची जाडी, बाक, वजन हातास कळलें नसतें. वस्तु शिल्लक होती म्हणून विद्या पुन्हा उभी राहिली. कोंकणांत आतां फायबरच्या होड्या आणि यंत्रें यांनीं लांकडी होडीची जागा बव्हंशीं घेतली आहे. तेव्हां जेथें एखादी उलांडी, मोडकी कां होईना, आढळेल तेथें तिचीं मापें घ्यावीं; लांकडाचें नांव, गांठींचे प्रकार, प्रत्येक भागास कारागीर योजतो तो शब्द, हें सर्व त्याच्याच तोंडून टिपून घ्यावें; आणि शक्य तर वस्तु विकत घेऊन छपराखालीं ठेवावी. पोथी जळाली तर दुसरी प्रत मिळण्याची आशा असते. ज्या विद्येची प्रत कारागिराच्या हातांतच आहे, ती त्याच्याबरोबर जाते.