पोचा काढावा की ठेवावा? एका जुन्या जावाच्या दुरुस्तीचा इतिहास

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींनी आम्हाला आधीच विचारलं, 'सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. मोटारसायकलीकडे कुठे वळलात?' वळलो नाही, ती घरातच होती. आमच्या थोरल्या भावाची, दादाची, जावा २५०. बनावट १९६६ ची, दादाने १९६९ साली सेकंडहँड घेतलेली. १९९१ पासून ती परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. वर सरपण, खाली कोंबड्या. दादा २००९ साली गेला. निवृत्तीनंतर आमच्या हाताशी वेळ होता, शेजारी एक जुनेजाणते मिस्त्री होते आणि पडवीत एक टेबल मावत होतं. एवढ्या भांडवलावर आम्ही ती दुरुस्त करायला घेतली.

आधी या यंत्राचं कूळ बघू. फ्रांतिशेक यानेचेक हा चेकोस्लोव्हाकियातला शस्त्रास्त्रांचा कारखानदार. पहिलं महायुद्ध संपलं, बंदुकांची मागणी आटली, तेव्हा त्याला दुसरं काही बनवणं भाग पडलं. १९२९ साली त्याने वाँडरर या जर्मन कंपनीकडून ५०० सीसीच्या मोटारसायकलीचे हक्क घेतले. यानेचेकचं 'जा' आणि वाँडररचं 'वा' मिळून झालं 'जावा'. इंडोनेशियातल्या बेटाशी याचा काही संबंध नाही, हे सांगावं लागतं. पुढे दुसऱ्या महायुद्धात देश जर्मनांच्या ताब्यात असताना तिथल्या इंजिनिअरांनी चोरून एका नव्या २५० सीसी गाडीवर काम केलं. युद्ध संपल्यावर, १९४६ साली, ती पॅरिसच्या प्रदर्शनात जगापुढे आली. गिअरच्या पायट्याला पाय लावला की क्लच आपोआप सुटतो, ही तिची करामत. आमच्या जावातही ती आहे. शिवाय तोच पायटा आत दाबून मागे फिरवला की त्याची किक होते. एकच दांडी, दोन कामं.

भारतात ही गाडी आली ती मुंबईच्या इराणी मंडळींमुळे. आधी आयात होत होती. आयातीवर निर्बंध आले तेव्हा रुस्तम इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना काढला. १९६१ साली तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७३ पासून नाव बदलून 'येझदी' झालं, ते इराणातल्या यझ्द शहरावरून. मग १९८५ च्या सुमारास जपानी तंत्राच्या शंभर सीसी गाड्या आल्या. चार स्ट्रोकची हिरो होंडा निम्म्याहून कमी पेट्रोल पिऊ लागली, धुराचे नियम कडक होत गेले आणि १९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला. म्हणजे युरोपातलं एक युद्ध संपलं म्हणून जन्मलेली, दुसऱ्या युद्धात लपूनछपून घडलेली आणि आपल्या परवाना-राज्यात देशी झालेली ही वस्तू. आमच्या शेडमध्ये कोंबड्या अंडी घालत होत्या त्या या इतिहासावर.

आता दुरुस्तीकडे येतो. इंजिन जाम होतं. पिस्टन सिलिंडरला गंजाने चिकटला होता. मिस्त्री म्हणाले, 'सर, हातोडा नको. डिझेल ओता आणि विसरून जा.' प्लग काढून आम्ही डिझेल आणि थोडं ऑइल ओतलं. रोज सकाळी थोडं, अकरा दिवस. बाराव्या दिवशी पायटा अर्धा इंच हलला. वयाच्या सत्तरीत अर्ध्या इंचाचा एवढा आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

इंजिन उघडल्यावर एक गोष्ट कळली. दोन स्ट्रोकच्या इंजिनात खालचा क्रँककेससुद्धा पंपाचं काम करतो. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी तिथे ओढलं जातं, दाबलं जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये जातं. त्यामुळे क्रँकच्या दोन्ही बाजूंची रबरी सील घट्ट असावी लागतात. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ती सील कडक होतात, फटीतून जादा हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापून पुन्हा जाम होतं. वरवर रंग देऊन 'चालू' केलेल्या अनेक जुन्या गाड्या महिन्याभरात बसतात त्याचं एक कारण हे. म्हणून आम्ही सील बदलली, बेअरिंग बदलली आणि सिलिंडर कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर बोअर करून आणला.

बोअर करणं म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून थोडा मोठा कापून त्यात मोठा पिस्टन बसवणं. जुन्या पिस्टनच्या माथ्यावर मापाचा आकडा कोरलेला असतो. तो वाचला तेव्हा कळलं, हे इंजिन यापूर्वीही एकदा बोअर झालं होतं. म्हणजे पिस्टन हा कागद होता. आणि हळूहळू लक्षात आलं की सगळी गाडीच दप्तर आहे. वायरिंगमध्ये मध्येच रेडिओची वायर जोडलेली. सायलेन्सरच्या भोकावर ऑइलच्या डब्याचा पत्रा झाळलेला. एका बोल्टचे आटे हाताने पाडलेले. सुटे भाग मिळत नव्हते, मिळाले तर परवडत नव्हते, त्या काळाची ही अक्षरं. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून माळ्यांवरची, कोनाड्यांतली दप्तरं गोळा करत होते. १८९८ साली त्यांच्या साधनांचा पहिला खंड आला. कागद वाचायची ती सवय आम्ही यंत्राला लावू पाहत होतो.

पण सवय लागण्याआधी आमच्या हातून एक चूक झाली, ती सांगतो. पहिल्याच आठवड्यात उत्साहाच्या भरात आम्ही टूलबॉक्सचं झाकण थिनरने धुतलं. काळ्या चिकट थराखाली पांढऱ्या रंगात काही अक्षरं दिसली न दिसली तोच बोळ्यावर उतरून गेली. संध्याकाळी वहिनी शेडपाशी आल्या आणि म्हणाल्या, 'भाऊजी, त्या झाकणावर ह्यांनी ब्रशने नाव लिहिलं होतं, ते आहे का हो?' आमच्या हातात बोळा होता. काय सांगणार?

इथे तत्त्वज्ञानाचा प्रश्न येतो आणि तो पुस्तकी नाही. प्लूटार्कने थीसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे. अथेन्सच्या लोकांनी ते जहाज जपलं, कुजलेली फळी काढून नवी बसवत गेले. सगळ्या फळ्या बदलल्यावर ते तेच जहाज म्हणायचं का? सतराव्या शतकात हॉब्जने त्यात भर घातली: काढलेल्या फळ्या कुणी गोळा करून दुसरं जहाज बांधलं तर खरं कोणतं? आमच्या पडवीत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात काढलेली सील, बेअरिंग, पिस्टन, रेडिओची वायर सगळं ठेवलंय. हॉब्जचं दुसरं जहाज त्या डब्यात आहे.

आपल्याकडे हा वाद याहून खोल गेला. 'मिलिंदपञ्ह'मध्ये भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो: तू रथातून आलास, तर रथ म्हणजे आस की चाकं की जू? एकेक भाग म्हणजे रथ नव्हे, आणि भागांच्या बाहेरही रथ सापडत नाही. 'रथ' हे व्यवहारापुरतं नाव. न्याय-वैशेषिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा असा 'अवयवी' खरोखर असतो. वस्त्रातून एक धागा काढला तर जुनं वस्त्र नष्ट होऊन नवं उत्पन्न होतं, इतक्या टोकाला ते जातात. त्या हिशेबाने आम्ही एक वॉशर बदलला की नवी जावा जन्मली!

सरकारनेही या वादात उडी घेतली आहे. २०२१ साली केंद्राने विंटेज वाहनांचे नियम केले. वाहन पन्नास वर्षांहून जुनं हवं, मूळ रूपात जपलेलं हवं, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. आता 'मूळ रूप' म्हणजे कोणतं? म्हैसूरच्या कारखान्यातून बाहेर पडताना होतं ते, की दादा १९९१ साली शेवटचा उतरला तेव्हाचं? आमच्या गाडीला साडीगार्ड आहे. चेक लोकांनी साडीचा विचार केला नव्हता. पण वहिनी चाळीस वर्षांपूर्वी ज्या जावावर मागे बसायच्या, तिचा तो भागच आहे.

युरोपात एकोणिसाव्या शतकात जुन्या चर्चवरून हेच भांडण झालं. फ्रान्सचा व्हिओले-ल-द्युक म्हणत होता, वास्तू पूर्ण रूपात उभी करा, मग तसं रूप पूर्वी कधी नसलं तरी चालेल. इंग्लंडचा रस्किन म्हणत होता, असली दुरुस्ती म्हणजे नाशच. काळजी घ्या, पण काळाच्या खुणा पुसू नका. खरं सांगायचं तर आम्ही वर्गात रस्किनची बाजू शिकवली आणि शेडमध्ये व्हिओले-ल-द्युक झालो. आम्हाला गाडी नव्यासारखी हवी होती.

आणि म्हणूनच टाकीचा प्रश्न उभा राहिला. टाकीच्या डाव्या अंगाला तळहाताएवढा पोचा होता. पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराशी आमचं बोलणंही झालं होतं. पोचा उचलायचा, लांबी भरायची, वर कारखान्यासारखा मरून रंग. टाकी द्यायच्या आदल्या दिवशी जुना काळा रंग घासायला घेतला. काळ्याखाली मूळ मरून लागला. मध्ये राखाडी लांबीचा थर. कडेच्या बारीक खड्ड्यांत, ओरखड्यांत सगळीकडे पेंटरने लांबी भरलेली. फक्त त्या मोठ्या पोच्यात नाही. काळा रंग सरळ मरूनवर बसलेला.

इतर लहान खड्डे भरणारा पेंटर सगळ्यात मोठा खड्डा विसरेल का? त्याला कुणीतरी सांगितलं असणार. आम्ही हातातला पॉलिशपेपर खाली ठेवला आणि वहिनींकडे गेलो.

वहिनी आधी काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, '७२ सालचा आहे तो.' १९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. खडी फोडायची, रस्ते, पाझर तलाव करायचे आणि त्यावर मजुरी. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला त्याची पाळंमुळं त्या कामांत आहेत. दादा तेव्हा अशा कामांवर हजेरीपट घेऊन फिरायचा. पगाराच्या दिवशी तो याच जावावरून निघाला आणि नुकत्या टाकलेल्या खडीवर घसरला. टाकी दगडावर आपटली. हजेरीपटाशिवाय पैसे वाटता येत नव्हते. गाडी ढकलत, लंगडत तो पोचला तेव्हा अंधार झाला होता. 'बाया सकाळपासून बसून होत्या,' वहिनी म्हणाल्या. 'पोरं कडेवर. कुणी एक शब्द बोललं नाही. ह्यांना तेच लागलं. रंग दिला तेव्हा पेंटर म्हणाला, पोचा काढतो. हे म्हणाले, तेवढा राहू दे.'

आम्हाला ही गोष्ट पन्नास वर्षांत कळली नव्हती. सख्खा भाऊ असून. दादा बोलणारा नव्हता. त्याने ती पत्र्यात ठेवली होती, आणि आम्ही ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ठोकून सपाट करणार होतो.

म्हणून आज आम्ही जे मानतो ते सांगतो. प्रत्येक खूण जपावी असं नाही. गंज जपला असता तर टाकी गळली असती, कडक सील जपली असती तर इंजिन बसलं असतं. यंत्र चाललं पाहिजे; न चालणारी मोटारसायकल हा अर्धाच पुरावा. पण यंत्राची झीज वेगळी आणि माणसाचा निर्णय वेगळा. सील कडक झाली ती झीज. पोच्यात लांबी न भरणं हा निर्णय. दुरुस्त करणाऱ्याने आधी हा फरक ओळखायचा, आणि ओळखता आला नाही तर हात थांबवून विचारायचं. ज्यांना विचारायचं ती माणसं आहेत तोवर. हाच नियम जुन्या वाड्याला, देवळाला, आणि इतिहासाच्या पाठ्यपुस्तकालाही लावून बघा.

टाकीला मरून रंग दिला, पोच्यासकट. रंगामुळे तो उलट जास्त उठून दिसतो. टूलबॉक्सचं झाकण कोरंच ठेवलंय. दादाचं नाव आम्ही पुन्हा लिहू शकलो असतो, पण ते त्याचं अक्षर झालं नसतं. ते नुकसान आमचं आहे आणि तेही आता गाडीच्या इतिहासात जमा आहे.

पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा दोन्ही सायलेन्सरमधून निळा धूर निघाला. पेट्रोलमध्ये लिटरला पन्नास मिली ऑइल, तेव्हा धूर होणारच. वहिनी पायरीवर बसल्या होत्या. आवाज ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, 'हळू चालवा भाऊजी, रस्त्यावर खडी असते.'