अंगालगतचें वस्त्र आणि वऱ्हाडचा कापूस

वस्त्रांचा इतिहास बहुधा शालू-पैठण्यांपासून सांगितला जातो. देहास अहोरात्र लागून असणाऱ्या चोळीचा, बंडीचा किंवा बॉडीचा इतिहास सहसा कोणी विचारीत नाहीं. अमरावती व अकोला हे तर कापसाचे जिल्हे. मग या वस्त्रांस लागणारी तलम मलमल वऱ्हाडी कापसाची कां नसे?

अंगालगतच्या कापडांत तीन गुण हवेत. त्यानें घाम शोषावा, वारंवार धुतलें तरी टिकावें, आणि त्वचेस बोचूं नये. पहिले दोन गुण कापसाच्या अंगीं उपजतच आहेत. ओला झाला असतां त्याचा तंतु उलट अधिक बळकट होतो. तिसरा गुण सुताच्या बारीकपणावर अवलंबून असतो. एका पौंडांत ८४० वारांच्या जितक्या लड्या बसतात, तितका त्या सुताचा नंबर. म्हणजे २० नंबरी सूत पौंडास १६,८०० वार भरतें. वऱ्हाडच्या देशी कापसाचा तंतु आंखूड. यंत्रावर त्याचें सूत साधारणपणें याच नंबराच्या आसपास थांबे. त्याचा मांजरपाट उत्तम होई, मलमल होत नसे.

१८५३ सालीं वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टि या काळ्या जमिनीकडे वळली. १८७० सालीं लॉर्ड मेयो यांच्या हस्तें खामगांवचा रेल्वेफांटा उघडला. लिव्हरपुलच्या बाजारांत अमरावतीच्या नांवावरून या कापसास ‘ऊमरा’ म्हणूं लागले. गाठी बाहेर गेल्या, आणि लांब तंतूच्या परदेशी कापसाची विलायती मलमल त्याच लोहमार्गानें आंत आली. आपल्या मालास ‘हलका’ हें विशेषण मात्र शेतकऱ्याच्या पदरीं पडलें, आणि भावही त्याच विशेषणानें ठरूं लागला.

परंतु हा दोष तंतूचा कीं यंत्राचा? ढाक्याची जगप्रसिद्ध मलमल ज्या ‘फुटी’ कापसाची होई, त्याचाही तंतु आंखूडच होता. दमट हवेंत, कुशल बोटांनीं त्याचें अतितलम सूत निघे. तेव्हां ‘हलका’ हा निवाडा कापसाच्या जातीचा नसून गिरणीच्या सोयीचा होता.

पुढें १९३८ सालीं नायलॉन प्रसिद्ध झालें, आणि अंतर्वस्त्रांत गुळगुळीतपणास मान मिळाला. तथापि सामान्य हवेंत कापूस आपल्या वजनाच्या सुमारें ८ टक्के ओलावा धरतो, नायलॉन सुमारें ४ टक्केच. अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढें जातो, तेव्हां या फरकाची साक्ष प्रत्येकाची त्वचाच देते.

१९६९ सालीं अकोल्यास कृषि विद्यापीठ स्थापन झालें, आणि तेथें देशी कापसाच्या सुधारित जातीही निपजल्या. कापड निवडतांना केवळ झळाळी न पाहतां त्यावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. तो चटकन् मुरला, तर तें कापड उन्हाळ्यांतही अंगास सुख देईल.