एकाआड एक: प्लेगची लस कोणाला टोचायची, हे ठरवलं कोणी?



२०२० चा गणपती आठवतोय ना? ई-पास, वाटेत तपासणी, गावात पोचल्यावर दहा दिवसांचं विलगीकरण. मुंबईचा चाकरमानी घरचाच माणूस, पण त्या वर्षी त्याच्याकडे सगळे जरा लांबूनच बघत होते. आणि ज्या साथरोग कायद्याच्या आधारे हे सगळं चाललं होतं, तो कायदा होता १८९७ चा. आजचा एपिसोड त्याच वर्षाचा.

सुरुवात करू नाट्यापासून. राजापूर तालुक्यातलं आपलं नाटे. यशवंतगडावर उभं राहिलं की खाली जैतापूरची खाडी दिसते. त्या काळी मुंबईला जायची खरी वाट समुद्रातूनच होती. मुंबई-गोवा हायवे नव्हता (आता तरी पूर्ण झालाय असं कुठे म्हणवतं, पण ते असो). खाडीच्या तोंडाशी आगबोट थांबायची आणि माणसं मुंबईच्या गिरण्यांत जायची. गिरणी कामगारांत सगळ्यात मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्याचा होता. त्यामुळे मुंबईत काही घडलं की ते कोकणात कळायला वेळ लागत नसे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून पळाले. फेब्रुवारी १८९७ मध्ये तो कायदा आला. जहाज तपासा, प्रवासी अडवा, घरात शिरून रोगी शोधा, सगळे अधिकार सरकारला मिळाले. पुण्यात रँडने ते अधिकार कसे वापरले, हे शाळेत शिकलोय आपण. गोरे सोजीर घरात शिरत, बायकांची तपासणी करत. २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. सावित्रीबाई फुले त्याच साथीत प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्चला गेल्या.

त्याच वेळी मुंबईत, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत, एक माणूस प्लेगवर लस बनवत होता. वाल्देमार हाफकिन. ओडेसाचा ज्यू. डॉक्टरकीची पदवी नव्हती, जंतुशास्त्रज्ञ होता. मेलेल्या जंतूंपासून लस बनवायची अशी त्याची पद्धत. हाताशी एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिन्यांत लस तयार झाली. मग प्रश्न आला, पहिली कोणाला टोचायची?

१० जानेवारी १८९७ ला त्याने ती स्वतःलाच टोचून घेतली. तीही पुढे लोकांना दिली त्याच्या चौपट मात्रेत. ताप आला, अंग ठणकलं, आणि तो कामाला लागला.

पण एका माणसाला काही झालं नाही म्हणजे लस सुरक्षित असावी, एवढंच कळतं. ती प्लेग थोपवते का, हे कळत नाही. त्यासाठी दोन गट लागतात. सारखं राहणारे, सारखं खाणारे, सारख्याच धोक्यात असलेले. एकाला लस द्यायची, दुसऱ्याला नाही. अशी माणसं मिळणार कुठे?

भायखळ्याच्या तुरुंगात. जानेवारीच्या शेवटी तिथे प्लेग शिरला. कैदी सुमारे सव्वातीनशे. त्यांना विचारलं गेलं आणि जवळपास निम्मे तयार झाले. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, ६ मेले. घेतलेल्यांपैकी दोघांना झाला, मेला कोणीच नाही. टोचलं त्याच दिवशी जे आजारी पडले, त्यांना लागण आधीच झाली होती, म्हणून ते या हिशेबात धरलेले नाहीत.

रँडशी तुलना केली तर हे फारच सभ्य वाटतं. इथे निदान विचारलं तरी! हाफकिन लसीच्या सक्तीच्या विरोधातच होता. पण जरा थांबा. कोठडीत प्लेग आलाय, दाराला कुलूप आहे, समोर साहेब आणि जेलर उभे आहेत आणि विचारतायत, ‘घेणार का?’ यातला ‘हो’ किती मोकळा? आज आपल्याकडे आयसीएमआरच्या मार्गदर्शक सूचनांत कैदी हे ‘असुरक्षित’ गटात येतात, म्हणजे त्यांच्यावर संशोधन करताना जास्तीची काळजी घ्यावी लागते, ते याच कारणाने. तरी भायखळ्याचं मी समजू शकतो. लस चालेल की नाही हे तेव्हा हाफकिनलाही माहीत नव्हतं. आणि धोका त्याने आधी स्वतःच्या अंगावर घेतला होता.

पुढचं मात्र मला सहज गिळता येत नाही.

भायखळ्याच्या आकड्यांवर आक्षेप घेतला गेला. जे आपणहून पुढे आले ते मुळातच धडधाकट असतील तर? शास्त्र म्हणून आक्षेप अगदी बरोबर. म्हणून १ जानेवारी १८९८ ला उमरखाडीच्या तुरुंगात कैद्यांना रांगेत बसवलं आणि एकाआड एक टोचलं. इथे निवड कैद्याच्या मर्जीने नाही, रांगेतल्या त्याच्या जागेने झाली.

आणि मग फेब्रुवारीत बडोद्याजवळचं उंढेरा गाव. तुरुंग नाही, साधी शेतकऱ्यांची वस्ती. प्लेग गावात आलेलाच होता. तिथे प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली आणि निम्म्यांना ठेवलं. कारण उघड होतं, घर एक, चूल एक, उंदीरही तेच, म्हणजे तुलना चोख. टोचलेले ७१ जण होते, त्यांत ८ जणांना प्लेग झाला आणि ३ मेले. न टोचलेले ६४ होते, त्यांत २७ जणांना झाला आणि २६ मेले.

चौसष्टांत सव्वीस. एकाच घरात, एकाच ओटीवर बसलेल्या भावंडांत एक इकडे, एक तिकडे.

हाफकिनची बाजूही ऐका. लोक लसीला घाबरत होते, सरकारी दवाखान्यालाच घाबरत होते. डॉक्टरांतही एकमत नव्हतं. पक्का पुरावा नसता तर लस मागे पडली असती आणि त्यात हजारो गेले असते. हा युक्तिवाद मला खोटा वाटत नाही. पण वर्षभरापूर्वी भायखळ्यात सहा विरुद्ध शून्य पाहिलेल्या माणसाला, उंढेऱ्यात त्या ६४ जणांपुढे उभं असताना, खरंच शंका उरली होती का? संशोधकाला आतून उत्तर माहीत असेल, तर अर्ध्यांना वगळायचा हक्क त्याला उरत नाही, असं आजचं वैद्यकीय नीतिशास्त्र मानतं. हेलसिंकीचा जाहीरनामा आला १९६४ मध्ये, म्हणजे उंढेऱ्यानंतर ६६ वर्षांनी.

आणि हा निर्णय एकट्या हाफकिनचा नव्हता, हेही लक्षात घ्या. तुरुंगाधिकाऱ्याने दार उघडून दिलं. संस्थानच्या अंमलदारांनी गाव गोळा केलं. कोणीतरी कारकुनाने वहीत नावांचे दोन रकाने आखले. त्या दिवशी प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं.

१८९९ मध्ये परळला, जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये, हाफकिनची प्रयोगशाळा सुरू झाली. १९२५ मध्ये तिला त्याचं नाव मिळालं. केईएमला पेशंट घेऊन गेलेल्या कोकणातल्या कितीतरी लोकांनी तो हाफकिन इन्स्टिट्यूटचा फाटक येता-जाता पाहिला असेल. पुढच्या वेळी तिकडे गेलात तर क्षणभर थांबा आणि मला सांगा, उंढेऱ्यात वही तुमच्या हातात असती तर तुम्ही काय केलं असतं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो.