बोटांचे वळण

बदलीच्या गावी वाटा चार दिवसांत ओळखीच्या होतात. बोटांना जडलेले वळण मात्र सहजी सुटत नाही. हे वळण मोडून नवे लावणे कितपत हितावह, या प्रश्नाची मोठी परीक्षा अमेरिकेत झाली.

मिलवॉकीच्या क्रिस्टोफर शोल्स यांनी सहकाऱ्यांसह १८६८ साली टंकलेखनयंत्राचे एकस्व मिळविले. १८७४ मध्ये रेमिंग्टनने ते यंत्र विक्रीस आणले आणि आज सर्वत्र दिसणारा 'क्वर्टी' कळफलक पुढे त्यातूनच रूढ झाला. त्याच्या मधल्या ओळीत 'ए' हा एकच स्वर आहे. बोटांना वृथा धावावे लागते, हे वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्राध्यापक ऑगस्ट ड्व्होराक यांस खटकले. त्यांनी पाचही स्वर मधल्या ओळीत डाव्या हाताखाली व नित्याची व्यंजने उजव्या हाताखाली आणली, आणि विल्यम डीली यांच्यासह १९३६ मध्ये या मांडणीचे एकस्व घेतले.

१९४४ च्या नौदलाच्या चाचणीने नव्या फलकाची बाजू उचलून धरली. परंतु ड्व्होराक त्या वेळी स्वतःच नौदलात अधिकारी होते. त्यामुळे पुढे तिच्या निःपक्षपातीपणाविषयी शंका घेतली गेली. १९५६ मध्ये अर्ल स्ट्राँग यांनी सरकारसाठी पुन्हा परीक्षा घेतली. मुरलेल्या टंकलेखकांना आपला जुना वेग गाठण्यासच कित्येक आठवडे लागले. त्यानंतर तितकाच सराव जुन्या फलकावर करणाऱ्यांना ते मागे टाकू शकले नाहीत. बदलाचा खर्च भरून निघत नाही, असा निर्वाळा मिळाला. अर्थशास्त्रज्ञांत मात्र हा वाद १९८५ नंतर नव्याने पेटला.

आपल्या लिप्यांपुढेही हाच प्रश्न आला. रेमिंग्टनच्या देवनागरी यंत्रावर हात बसलेल्यांसमोर १९८६ मध्ये 'इनस्क्रिप्ट' फलक आला. त्यातही स्वर डावीकडे व व्यंजने बहुधा उजवीकडेच आहेत. पण त्याचे खरे बळ निराळे आहे. देवनागरी 'क' ज्या कळीवर, तिच्यावरच बंगाली 'क' आणि कन्नड 'क'. कलकत्त्याहून बंगळूरला गेलेल्या माणसाला लिपी नवी शिकावी लागेल, बोटांचे वळण नव्हे.

तेव्हा केवळ वेगाच्या लोभाने मुरलेला हात मोडू नये, हा या इतिहासाचा बोध. पण एका वळणात अनेक लिप्यांचे दार उघडत असेल, तर चार आठवड्यांचा तो अडखळा सोसण्याजोगा आहे.