जिमी हिल : खेळाडूंच्या वेतनाचा लढा आणि इंग्लिश फुटबॉलचे बदलते अर्थकारण

प्रस्तावना :

क्रीडेचा इतिहास बहुधा विजय, विक्रम आणि चषक यांच्या नोंदींतून लिहिला जातो. मैदानावरील व्यावसायिक खेळाडू हा वेतनावर राबणारा श्रमिकही असतो, ही बाब त्यात झाकली जाते. या दृष्टीने इंग्लंडमधील जिमी हिल (१९२८-२०१५) यांची कारकीर्द अभ्यसनीय ठरते. मधल्या फळीतील खेळाडू, खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष, संघाचे व्यवस्थापक आणि क्लबचे प्रशासक अशा चारही भूमिका त्यांनी पार पाडल्या. या भूमिकांमधील परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

१८८८ मध्ये इंग्लंडमध्ये फुटबॉल लीगची स्थापना झाली. श्रीमंत क्लबांनी सर्वच चांगले खेळाडू आपल्याकडे ओढू नयेत, या कारणास्तव १९०१ पासून खेळाडूंना आठवड्याला ४ पौंडांची कमाल वेतनमर्यादा लागू करण्यात आली. ही मर्यादा वेळोवेळी वाढत गेली, तरी १९५८ नंतरही ती हंगामात केवळ २० पौंड होती. वस्तुतः १९४८-४९ च्या हंगामात लीगचे सामने पाहण्यास चार कोटींहून अधिक प्रेक्षकसंख्येची नोंद झाली होती. या उत्पन्नात खेळाडूचा वाटा मात्र नियमाने गोठवलेला होता. त्याहून जाचक होती ती करारपद्धती. करार संपल्यानंतरही क्लबने खेळाडूचे नाव राखून ठेवले, तर त्याला दुसऱ्या क्लबकडून खेळता येत नसे. वेतन आणि स्थलांतर या दोन्ही बाबतींत खेळाडू परतंत्र होता.

संघटनेचे नेतृत्व :

लंडनच्या बालहॅम भागात जन्मलेल्या हिल यांनी प्रथम ब्रेंटफर्ड व १९५२ पासून फुलहॅम या क्लबांचे प्रतिनिधित्व केले. ते अलौकिक प्रतिभेचे खेळाडू नव्हते. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातही त्यांना स्थान मिळाले नाही. त्यांचे सामर्थ्य संघटनकौशल्यात होते. १९५७ मध्ये ते खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. सचिव क्लिफ लॉइड यांच्या साहाय्याने त्यांनी वाटाघाटी, वृत्तपत्रे आणि खेळाडूंच्या सभा या तिन्ही मार्गांनी प्रश्न लावून धरला. नामवंत व सामान्य खेळाडू एकाच मागणीसाठी एकत्र आले, हे या लढ्याचे वैशिष्ट्य होय. जानेवारी १९६१ मध्ये संप तोंडावर आला असताना श्रम मंत्रालयाच्या मध्यस्थीने तडजोड झाली. कमाल वेतनमर्यादा संपुष्टात आली आणि हिल यांचे फुलहॅममधील सहकारी जॉनी हेन्स आठवड्याला १०० पौंड मिळवू लागले.

करारपद्धतीचा प्रश्न मात्र सुटला नाही. त्यासाठी जॉर्ज ईस्टहॅम यांना संघटनेच्या पाठबळावर न्यायालयात जावे लागले. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही पद्धती व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी बंधन असल्याचा निर्णय दिला.

व्यवस्थापक म्हणून कार्य :

नोव्हेंबर १९६१ मध्ये हिल तिसऱ्या विभागातील कॉव्हेंट्री सिटी क्लबचे व्यवस्थापक झाले. वेतनवाढीसाठी भांडणारा नेता त्याच वर्षी वेतन देणाऱ्या पक्षात जाऊन बसला. हा विरोधाभास वरवरचा नाही. वेतनावरील मर्यादा उठल्यामुळे लहान क्लबांना उत्पन्न वाढवणे अपरिहार्य झाले होते. हिल यांनी संघाचा गणवेश आकाशी रंगाचा केला, क्लबगीत रचण्यात भाग घेतला आणि परगावच्या सामन्यांसाठी प्रेक्षकांना खास रेल्वेगाड्या उपलब्ध करून दिल्या. १९६५ मध्ये कार्डिफ येथील सामना कॉव्हेंट्रीच्या मैदानावर मोठ्या पडद्यांवर दाखवण्यात आला. तो पाहण्यास दहा हजारांहून अधिक लोक आले. १९६४ मध्ये तिसऱ्या व १९६७ मध्ये दुसऱ्या विभागाचे विजेतेपद मिळवून संघ प्रथम विभागात पोहोचला. मात्र त्या विभागातील पहिल्याच हंगामाच्या प्रारंभी हिल यांनी पद सोडले व दूरचित्रवाणीचे क्षेत्र स्वीकारले. संघ पुढे २००१ पर्यंत सर्वोच्च श्रेणीत टिकून राहिला.

१९७५ मध्ये ते कॉव्हेंट्रीच्या प्रशासनात परतले. विजयासाठी दोनऐवजी तीन गुण देण्याची त्यांनी पुरस्कारलेली पद्धत इंग्लंडमध्ये १९८१ मध्ये, तर विश्वचषकात १९९४ मध्ये अमलात आली.

मूल्यमापन :

हिल यांच्या कार्याला मर्यादाही होत्या. १९८२ मध्ये वर्णभेदी राजवटीखालील दक्षिण आफ्रिकेत संघ नेण्यात त्यांनी पुढाकार घेतला. खेळाडूच्या स्वातंत्र्यासाठी झगडलेल्या व्यक्तीने हे करावे, हे खेदजनक होय. तो दौरा अर्धवट गुंडाळावा लागला. दुसरा प्रश्न अर्थकारणाचा आहे. १९६० मध्ये लीग जिंकणारा बर्नलीसारखा लहान शहरातील क्लब १९८५ मध्ये चौथ्या विभागात घसरला. अशा ऱ्हासाला वेतनमुक्ती हे एकमेव कारण नव्हे. प्रेक्षकसंख्येतील घट, औद्योगिक शहरांची पीछेहाट आणि १९८३ पासून प्रवेशशुल्क केवळ यजमान क्लबकडेच राहण्याचा नियम यांचाही विचार करावा लागतो. तथापि विषमतेची जी भीती १९०१ मध्ये व्यक्त झाली होती, ती अगदीच निराधार नव्हती.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, क्लबांमधील समतोल राखण्याचे सारे ओझे साठ वर्षे खेळाडूंच्या वेतनावर टाकण्यात आले होते. हिल यांच्या नेतृत्वाखाली ते अन्यायकारक ओझे दूर झाले. समतोलाची जबाबदारी त्यानंतर क्लब व लीग यांनी उत्पन्नाच्या न्याय्य वाटपातून उचलावयास हवी होती. ती उचलली गेली नाही, याचा दोष खेळाडूंच्या लढ्यास देता येणार नाही.