ऊन पाण्यातले धन

श्रोते हो, उकळत्या दुधात विरजण घातले तर दही लागत नाही, हे कोकणातल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. दही लावणारे जंतू कढत दुधात मरून जातात. मग जिथे हात बुडवत नाही अशा झऱ्यातही जंतू सुखाने नांदतात, हे सांगून कोणाला खरे वाटेल?

पण ते नांदतात. नांदगावहून महामार्गाने उत्तरेकडे निघा. तळेरे, खारेपाटण मागे टाकले की राजापूरजवळ उन्हाळे लागते. पुढे संगमेश्वर तालुक्यात राजवाडी, तुरळ, आरवली, दापोलीकडे उन्हवरे, थेट ठाणे जिल्ह्यात वज्रेश्वरी. ऊन पाण्याच्या झऱ्यांची ही ओळच आहे. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल जाते, भूगर्भातल्या उष्णतेने तापते आणि वर येते. पिढ्यान् पिढ्या लोक तिथे स्नान करीत आले.

अशा पाण्यातल्या जंतूंचा मोठा इतिहास मात्र घडला अमेरिकेत. 1966 साली यलोस्टोन उद्यानातल्या झऱ्यांतून टॉमस ब्रॉक आणि त्यांचे विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी एक जंतू मिळविला. सुमारे 70 अंश उष्णतेत तो उत्तम वाढे. 1969 साली त्याचे नाव प्रसिद्ध झाले, थर्मस ॲक्वाटिकस. चहाचा थर्मास आठवला ना? दोन्ही शब्दांच्या मुळाशी उष्णताच आहे.

ब्रॉक यांना औषध शोधायचे नव्हते की पैसा मिळवायचा नव्हता. जीव कुठवर तग धरतो, एवढेच पाहायचे होते. पुढे 1983 साली कॅरी मुलिस यांनी डीएनएच्या नकला काढण्याची पीसीआर ही युक्ती शोधली. त्यात दर फेरीला डीएनए सुमारे 95 अंशांपर्यंत तापवावा लागतो. नकला करणारे साधे एन्झाइम त्या तापात निकामी होई. दर वेळी नवे घालावे लागे. या जंतूचे एन्झाइम मात्र टिकले आणि काम सोपे झाले. गुरुजी, फळ्यावर मुलांकडून एकाची 30 वेळा दुप्पट करून घ्या. उत्तर 100 कोटींच्या वर जाते! 1993 साली मुलिस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. 2020 साली करोनाची जी तपासणी गावोगाव झाली, ती याच पद्धतीची.

या कथेला दुसरी बाजूही आहे. 1991 साली पीसीआरचे हक्क 30 कोटी डॉलरना विकले गेले. ज्या उद्यानातून जंतू आला, त्याला त्यातले काहीच मिळाले नाही. आपल्याकडे 2002 साली जैवविविधता कायदा झाला. गावाच्या जैविक संपत्तीतून व्यापारी लाभ झाला तर त्यात वाटा मिळण्याची सोय त्यात आहे. ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती आणि तिची नोंदवही त्यासाठीच असते.

तेव्हा मंडळी, झऱ्याच्या कुंडात साबण, कचरा जाऊ देऊ नका. दगडावरचा हिरवा-तांबूस थर घाण म्हणून खरवडू नका. डोळ्यांना न दिसणारे ते धन आधी आपल्या वहीत नोंदले जाऊ द्या.